एका गाठीतील अनेक पेशी: ग्लायोब्लास्टोमाची घडण आणि त्यावरचे उपचार

नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. शिल्पी दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या सर्वांत आक्रमक कर्करोगाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. पाच रुग्णांच्या गाठींतून घेतलेल्या पेशी त्यात होत्या, शिवाय प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वाढवत ठेवलेले पेशींचे दोन वाण होते. या पेशींवर प्राणघातक मात्रेचे किरण सोडले गेले. बहुतेक पेशी मेल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांनी विभाजन थांबवले, आणि मग त्या एकमेकींत विलीन होऊ लागल्या. अनेक केंद्रके असलेल्या महाकाय पेशी त्यातून तयार झाल्या. काही काळ त्या निपचित राहिल्या, त्यांच्यात पेशींच्या वार्धक्याच्या खुणा दिसल्या. एवढ्यावर त्या संपतील असे वाटावे, तर त्याच महाकाय पेशींतून एकेक केंद्रक असलेल्या नव्या पेशी बाहेर पडल्या आणि जोमाने वाढू लागल्या. प्रयोगशाळेच्या बशीत रोग परतला होता.

हे निष्कर्ष २०१५ साली ‘कार्सिनोजेनेसिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया नीट झाली, रेडिएशन पूर्ण झाले, गोळ्याही वेळेवर घेतल्या, तरी काही महिन्यांत गाठ पुन्हा का येते, हा प्रश्न या आजाराला तोंड देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला छळतो. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग या प्रयोगात आहे. ग्लायोब्लास्टोमा ही एकाच प्रकारच्या पेशींची गाठ नाही. तिच्यात वेगवेगळ्या स्वभावाच्या पेशी एकत्र नांदतात, त्या एकमेकींना मदत करतात आणि वेळ आली की रूपही बदलतात. हा आजार समजून घ्यायचा आणि त्यावर उपचार करायचा, तर आधी ही घडण समजून घ्यावी लागते.

गाठ कुठून येते

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन असतात. साधारण तितक्याच संख्येने ग्लिया नावाच्या आधारपेशी असतात. त्यांतल्या ताऱ्यासारख्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट चेतापेशींचे पोषण बघतात, ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर आवरण चढवतात आणि मायक्रोग्लिया राखणीचे काम करतात. ग्लायोमा या वर्गातल्या गाठींच्या पेशी यांतल्या पहिल्या दोन प्रकारांशी किंवा त्यांच्या पूर्वज पेशींशी साम्य दाखवतात. ग्लायोब्लास्टोमा हा या वर्गातला सर्वांत उग्र प्रकार. मेंदूच्या आतील पोकळ्यांच्या कडेला असणाऱ्या मूलपेशींत पहिले जनुकीय बदल होतात आणि त्या पेशी दूर जाऊन गाठ तयार करतात, याचा पुरावा २०१८ साली कोरियातील शास्त्रज्ञांनी अनेक रुग्णांच्या ऊतींतून दाखवला.

पाश्चात्त्य देशांत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे तिघांना हा आजार होतो. साठीच्या आसपास आणि त्यापुढे त्याचे प्रमाण वाढते, पण तरुणांनाही तो होतो. मेंदूच्या गाठींना स्तन किंवा फुप्फुसाच्या कर्करोगासारखी ‘स्टेज’ नसते, ‘ग्रेड’ असते, कारण या गाठी मेंदूबाहेर क्वचितच पसरतात. ग्लायोब्लास्टोमाची ग्रेड चार असते आणि त्याच्यावरची कोणतीही ग्रेड नाही.

चाकू पोचतो तिथपर्यंतच

अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली एक धाडसी अनुभव प्रसिद्ध केला. काही रुग्णांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा गोलार्ध त्यांनी काढून टाकला होता. ज्या अर्ध्या भागात गाठ होती तो अर्धा भागच नाहीसा केला, तरी हा आजार हटला नाही. दहा वर्षांनी, १९३८ च्या सुमारास, हान्स योआखिम शेरर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण नोंदवले. गाठीच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने आणि चेतातंतूंच्या जुड्यांमधून दूरवर सरकतात, चेतापेशींना वेढून बसतात. एमआरआयवर दिसणारा पांढरा गोळा म्हणजे या आजाराचा फक्त दाट भाग. त्याच्या कित्येक सेंटिमीटर पलीकडे, निरोगी दिसणाऱ्या मेंदूत, एकट्यादुकट्या पेशी आधीच पोचलेल्या असतात.

म्हणून न्यूरोसर्जनचे उद्दिष्ट आज असे असते: बोलणे, हालचाल, दृष्टी यांना धक्का न लावता जितकी गाठ काढता येईल तितकी काढायची. त्यासाठी काही वेळा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्यात जागे ठेवून त्याच्याशी बोलत गाठ काढतात. ५-एएलए हे औषध आधी प्यायला दिले की निळ्या प्रकाशात गाठीच्या पेशी लालसर चमकतात. जर्मनीतील २००६ च्या चाचणीत या पद्धतीने ६५ टक्के रुग्णांची एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली. साध्या प्रकाशात हेच प्रमाण ३६ टक्के होते. टाटा स्मारकात डॉ. अलियासगर मोयादी आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच त्रिमितीय अल्ट्रासाउंडने उरलेली गाठ शोधण्याच्या तंत्रावर बरेच काम प्रसिद्ध केले आहे. भारतासारख्या देशात हे तंत्र मोलाचे आहे, कारण शस्त्रक्रियागृहात एमआरआय यंत्र बसवण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते.

गाठीच्या आत कोण कोण असते

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की दोन खुणा ठळक दिसतात. पहिली मृत भागांची. गाठ इतक्या वेगाने वाढते की मधल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही आणि त्या मरतात. त्या मृत भागाच्या कडेला जिवंत पेशींची दाट रांग लागलेली असते, कारण त्या प्राणवायूच्या दिशेने बाहेर सरकत असतात. दुसरी खूण नव्या, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांची. प्राणवायूला मुकलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे या वाहिन्या फुटतात. त्या गळक्या असल्यामुळे मेंदूला सूज येते. डोकेदुखी आणि उलट्यांमागे पुष्कळदा हीच सूज असते.

गाठीतल्या सगळ्या पेशी कर्करोगाच्या नसतात. गाठीच्या वस्तुमानाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशींचा असतो. राखण करणाऱ्या या पेशींना गाठ आपल्या बाजूला वळवते आणि त्या तिच्या वाढीला पोषक रसायने सोडू लागतात. कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशी मात्र गाठीत फार थोड्या सापडतात. त्या जातात कुठे, याचे एक उत्तर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली दिले. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांत पुष्कळशा टी-पेशी अस्थिमज्जेतच अडकून पडलेल्या होत्या.

याहून थक्क करणारा शोध २०१९ सालचा आहे. जर्मनीतील हायडेलबर्गचे आणि अमेरिकेतील स्टॅनफर्डचे संशोधक एकाच वेळी, स्वतंत्रपणे, एकाच निष्कर्षाला पोचले. निरोगी चेतापेशी गाठीच्या पेशींशी खरेखुरे चेतासंधी जोडतात. एका चेतापेशीकडून दुसरीकडे जसा विद्युत-रासायनिक संदेश जातो, तसाच तो कर्करोगाच्या पेशीकडे जातो आणि त्या संदेशाने गाठीची वाढ वेगावते. म्हणजे विचार, हालचाल आणि स्मृती चालवणारी मेंदूची यंत्रणाच गाठ स्वतःसाठी राबवून घेते. हायडेलबर्गच्याच गटाने २०१५ साली दाखवले होते की गाठीच्या पेशी लांब, बारीक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा जाळ्यातल्या पेशी किरणांनाही जास्त चिवटपणे तोंड देतात.

एकाच फाटकाच्या आत

आता कर्करोगाच्या पेशींकडे वळू. २०१४ साली बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी पाच रुग्णांच्या गाठींतील ४३० पेशी एकेक करून तपासल्या आणि प्रत्येक पेशीत कोणती जनुके चालू आहेत ते पाहिले. त्याआधी गाठीचा तुकडा वाटून सर्व पेशींची सरासरी काढली जात असे आणि त्या सरासरीवरून गाठीचे प्रकार ठरत. एकेक पेशी पाहिल्यावर कळले की ज्यांना वेगवेगळे प्रकार म्हटले होते ते सगळे एकाच रुग्णाच्या गाठीत एकत्र असतात. २०१९ साली याच कामाचा विस्तार २८ रुग्णांच्या गाठींतील २४ हजारांहून अधिक पेशींपर्यंत झाला आणि चार मुख्य अवस्था पुढे आल्या. काही पेशी चेतापेशींच्या पूर्वजांसारख्या, काही ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वजांसारख्या, काही ॲस्ट्रोसाइटसारख्या, आणि काही जोडऊतीच्या पेशींसारख्या वागणाऱ्या.

वसईजवळच्या वालीवमध्ये एकेका औद्योगिक इमारतीत एकाच फाटकाच्या आत अनेक गाळे असतात. एका गाळ्यात प्लास्टिकचे मोल्डिंग, दुसऱ्यात लोखंडाचे कटिंग, तिसऱ्यात पॅकिंगचे खोके. एका गाळ्याची वीज तोडली म्हणून बाकीचे गाळे बंद पडत नाहीत. ग्लायोब्लास्टोमात हेच होते, आणि त्याहून वाईट म्हणजे इथे बंद पडलेल्या गाळ्यातले काम दुसरा गाळा शिकून घेतो. २०१९ च्या त्याच अभ्यासात एका अवस्थेतल्या पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्यावर तिथे वाढलेल्या गाठीत पुन्हा चारही अवस्थांच्या पेशी दिसल्या.

या वस्तीत काही पेशींचे स्थान वेगळे आहे. टोरांटोतील शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांनी २००४ साली मेंदूच्या गाठींतून सीडी१३३ हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. अशा अवघ्या १०० पेशींनी उंदरात नवी गाठ तयार झाली. ते प्रथिन नसलेल्या एक लाख पेशी सोडूनही झाली नाही. या मूलपेशीसदृश पेशी किरणांनी तुटलेला डीएनए तत्परतेने दुरुस्त करतात, असे २००६ साली दुसऱ्या गटाने दाखवले. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या गाठीतून एचएनजीसी-१ आणि एचएनजीसी-२ हे पेशींचे दोन वाण वाढवले व त्यांवरचे काम २००३ आणि २००७ साली प्रसिद्ध केले. पहिला वाण संथ वाढणारा, उंदरात गाठ न करणारा. दुसरा त्यातूनच आपोआप पालटून निघालेला, वेगाने वाढणारा आणि गाठ करणारा. तुलनेने निरुपद्रवी पेशी आक्रमक होते तेव्हा तिच्या जनुकसंचात नेमकी काय उलथापालथ होते, हे या जोडीमुळे पायरीपायरीने पाहता आले.

खारघरच्या प्रयोगाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर उमगते. किरणांतून वाचलेल्या पेशी रुग्णाच्या मेंदूतून काढून तपासणे जवळपास अशक्य असते, म्हणून त्या टप्प्यावर काय घडते हे कुणालाच नीट दिसत नव्हते. ॲक्ट्रेकच्या गटाने तो टप्पा प्रयोगशाळेत उभा केला आणि त्यातला कच्चा दुवाही दाखवला. वाचलेल्या पेशी विभाजन थांबवून वेळ काढतात. वी-१ नावाच्या विकराला अडवून त्यांना वेळेआधीच विभाजनात ढकलले, तर त्या पुन्हा उभ्या राहू शकल्या नाहीत. २०१८ साली याच गटाने दाखवले की निकामी प्रथिने मोडीत काढणारी पेशीतली यंत्रणा, प्रोटिअसोम, या वाचलेल्या पेशींना तगून राहण्यासाठी अत्यावश्यक असते. गाठ परत येण्याआधीच्या शांत काळातच तिला गाठायचे, अशी दिशा या कामातून मिळते. ही अजून प्रयोगशाळेतली दिशा आहे, रुग्णालयातला उपचार नव्हे.

उपचारांत याचा उपयोग काय

आजचा प्रमाण उपचार २००५ साली ठरला. युरोप आणि कॅनडातील ५७३ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे, ३० हप्त्यांत, ६० ग्रे रेडिएशन दिले गेले. रुग्णाचे नातेवाईक यालाच ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. अर्ध्या रुग्णांना सोबत रोज टेमोझोलोमाइडची कॅप्सूल आणि नंतर महिन्यातून पाच दिवस अशी सहा आवर्तने दिली. फक्त रेडिएशन घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने होते, औषध घेतलेल्यांचे १४.६. हा फरक लहान वाटेल. पण दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले.

हा लाभ सर्वांना सारखा का मिळाला नाही, याचे उत्तर पेशीतच सापडले. टेमोझोलोमाइड डीएनएवर एक मेथिल गट चिकटवते आणि पेशीचा घात करते. एमजीएमटी हे प्रथिन तो गट स्वतःवर ओढून घेते. त्यात त्या प्रथिनाचा रेणू खर्ची पडतो, पण पेशी वाचते. काही गाठींत एमजीएमटीचे जनुक मेथिलीकरणाने बंद पडलेले असते. अशा रुग्णांत औषध जोडल्यावर मध्यक आयुर्मान १५.३ वरून २१.७ महिन्यांवर गेले. ज्यांचे जनुक चालू होते त्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणून एमजीएमटीची चाचणी, विशेषतः वृद्ध आणि अशक्त रुग्णाचा उपचार ठरवताना, फार उपयोगी पडते.

दुसरी चाचणी आयडीएच जनुकाची. त्यातला बदल २००८ साली सापडला. हा बदल असलेल्या गाठी साधारणतः तरुणांत होतात आणि त्या सावकाश वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात आयडीएच बदललेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचे भवितव्य वेगळे असू शकते, आणि हा भेद चाचणीशिवाय कळत नाही. या बदलावर थेट काम करणाऱ्या व्होरासिडेनिब या गोळीला २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती ग्रेड दोनच्या गाठींसाठी.

लहान मुलांच्या मेडुलोब्लास्टोमा या गाठीतही हेच चित्र आहे. तिचे चार मुख्य आण्विक गट आहेत आणि त्यांचे भवितव्य एकमेकांपासून फार वेगळे आहे. ॲक्ट्रेकमधील डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने हे चार गट ओळखणारी चाचणी विकसित केली. रुग्णालयांत मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यांवर, म्हणजे पॅराफिन ब्लॉकवरही ती करता येते, म्हणून ती आपल्याकडच्या परिस्थितीला साजेशी आहे.

एकाच लक्ष्यावर नेम धरणारी औषधे ग्लायोब्लास्टोमात का फसली, हेही आता समजते. ईजीएफआर जनुकाच्या एका विशिष्ट बदलाविरुद्ध तयार केलेल्या लशीची मोठी चाचणी २०१६ साली थांबवावी लागली. परतलेल्या गाठी तपासल्या तेव्हा पुष्कळ रुग्णांत तो बदल उरलाच नव्हता, लस दिलेल्यांत आणि न दिलेल्यांतही. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबने सूज उतरते, रुग्णाला आराम पडतो, पण २०१४ च्या दोन मोठ्या चाचण्यांत एकूण आयुर्मान वाढले नाही.

त्यामुळे आता एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर काम करणारे उपचार तपासले जात आहेत. २०२४ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी तीन रुग्णांच्या टी-पेशी बदलून, एकाहून अधिक लक्ष्ये ओळखणाऱ्या बनवून, त्यांच्या मेंदूतील द्रवात सोडल्या. काही दिवसांत गाठी लक्षणीय आटल्या. दोघांत हा परिणाम अल्पकाळ टिकला, एकात काही महिने. हे यश अपुरे आहे, पण अशी घट याआधी क्वचितच दिसली होती. याच तंत्राची भारतीय बनावटीची पहिली उपचारपद्धती मुंबईतच, आयआयटी बॉम्बे आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून घडली. तिला २०२३ साली मान्यता मिळाली. ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, मेंदूसाठी नाही. तरी टी-पेशी बदलण्याचे कौशल्य आता आपल्या शहरात आहे, ही मोठी गोष्ट आहे.

वालीवहून परळपर्यंत

वालीव, गोखिवरे, सातिवली या भागांतला माणूस कर्करोगाचे नाव ऐकले की ‘टाटा’ म्हणतो. वसई रोडहून लोकलने दादर, तिथून परळ, हा रस्ता वसई-विरारमधल्या हजारो कुटुंबांनी पाहिला आहे. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. खारघरच्या ॲक्ट्रेकला जायचे तर वसईहून दिव्यामार्गे पनवेलला जाणारी गाडी आणि पुढे हार्बरची लोकल असा मार्ग आहे. या प्रवासाला निघण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असाव्यात.

प्रौढ वयात पहिल्यांदाच फीट येणे, सकाळी उठताच डोके ठणकणे आणि उलटी होणे, एका बाजूचा हातपाय हळूहळू लुळा पडणे, शब्द न सुचणे, स्वभावात अचानक बदल होणे, या लक्षणांत डॉक्टरांना दाखवून स्कॅन करायला उशीर करू नये. डोकेदुखीची बहुतेक कारणे साधी असतात, पण ही लक्षणे अंगावर काढण्यासारखी नाहीत. फीट आली की बाहेरची बाधा समजून आठवडे घालवू नयेत.

शस्त्रक्रिया कुठेही झाली तरी तिथल्या पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत. या लेखात सांगितलेली पेशींची सारी ओळख त्या मेणाच्या छोट्या ठोकळ्यात साठवलेली असते. आयडीएच आणि एमजीएमटीची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. रेडिएशनचे हप्ते मध्येच सोडू नयेत. सुजेसाठी दिलेले स्टेरॉइड आणि फीटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चौकशी पहिल्याच भेटीत करावी. वेदना, फीट आणि थकवा आटोक्यात ठेवणारी उपशामक सेवा सुरुवातीपासून घ्यावी. ती घेणे म्हणजे हार मानणे नव्हे.

ग्लायोब्लास्टोमा पूर्ण बरा करणारा उपचार आज नाही. गाठ परत का येते हे मात्र आता पेशींच्या पातळीवर कळू लागले आहे, आणि त्या ज्ञानात खारघर व पुण्याच्या प्रयोगशाळांचा आणि आपल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी देणाऱ्या रुग्णांचा वाटा आहे. आपल्या घरात कुणावर ही वेळ आली, आणि ऊती संशोधनासाठी वापरण्याची संमती रुग्णालयाने मागितली, तर शंका विचारून, समजून घेऊन, शक्य असेल तर ती जरूर द्यावी.